नवख्यांसाठी एरेबस : मे महिन्यातली पानं

२ मे

भाची रविवारी येतेय. नववीचा निकाल लागला, आता महिनाभर मोकळी. फोनवर आंब्यांची चौकशी करायच्या आधी तिनं विचारलं, "मावशी, तुझा तो एल्फ आणि राक्षसांचा गेम या वेळी शिकवशील ना?" दिवाळीत माझ्या खांद्यावरून डोकावून तिनं तो पाहिला होता, तेव्हापासून तिच्या डोक्यातून गेलेला नाही.

हो म्हटलं. पण 'फॉल फ्रॉम हेवन २' नवख्या माणसापुढे ठेवायचा तर तयारी हवी. मोबाइलवरचे गेम पहिल्या पाच मिनिटांत बोट धरून चालायला शिकवतात. इथे तसं कुणी नाही. 'सिव्हिलायझेशन ४' हा फिरॅक्सिसचा मूळ खेळ २००५ सालचा. त्याची 'बियॉन्ड द स्वोर्ड' ही पुरवणी २००७ मध्ये आली आणि 'फॉल फ्रॉम हेवन २' हा मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेला फेरबदल, त्या पुरवणीवर उभा आहे. 'केल' या नावानं ओळखला जाणारा डेरेक पॅक्स्टन आणि त्याचे सोबती यांनी तो हौसेनं, विनामूल्य बांधला. प्रकाश, अग्नी, छाया आणि हिम अशा चार टप्प्यांत तो पुरा झाला.

मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की एरेबस हे जग कॉम्प्युटरसाठी जन्मलेलंच नाही. पॅक्स्टन मित्रांबरोबर टेबलाभोवती बसून 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळायचा, त्या बैठकांमधून ते आधीच उभं राहिलेलं होतं. म्हणूनच इथल्या एकवीस राज्यांमध्ये नुसता झेंड्याचा आणि रंगाचा फरक नाही. प्रत्येक राज्य खेळाचा एखादा मूळ नियम मोडतं. कुणाला धर्मच घेता येत नाही, कुणाला दोन-चार शहरांपलीकडे जाता येत नाही, कुणी आपलीच प्रजा खातं. माणूस नवखा असेल तर अवघडपणाची पातळी कोणती ठेवली याला फार अर्थ नसतो. त्याच्या हातात कोणतं राज्य दिलं यावर तो टिकणार की दुसऱ्या दिवशी सोडून देणार हे ठरतं.

३ मे

रात्री सेटिंग घेऊन बसले. मुख्य पानावर झटपट खेळ सुरू करायचं बटण आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही. 'कस्टम गेम' उघडायचा, म्हणजे प्रतिस्पर्धी एकेक करून निवडता येतात आणि सगळे पर्याय एका पानावर दिसतात.

नकाशा लहान. प्रतिस्पर्धी चार. मोठा नकाशा बघायला छान, पण निम्मा वेळ पडीक जमीन तुडवण्यात जातो आणि शेवटी वीस शहरांचा कारभार अंगावर येतो. जमीन एकसलग हवी. मॉडबरोबर येणारी 'एरेबस' ही नकाशाची तऱ्हा माझ्या आवडीची आहे. तिच्यात डोंगररांगा अशा पडतात की दोन राज्यांच्या मध्ये खिंडी तयार होतात. आपल्याला राखायचं आहे ते नेमकं कुठे, हे नकाशाच सांगतो. नवख्याला याहून मोठी मदत नाही. समुद्र आणि जहाजं पुढच्या खेपेला.

वेग 'नॉर्मल'. 'मॅरेथॉन'वर एकेक इमारत इतकी रेंगाळते की नवं माणूस कंटाळतं. 'क्विक'वर उलटं होतं, सैन्य शत्रूच्या दारात पोचेपर्यंत ते जुनं झालेलं असतं.

पातळ्या नऊ आहेत. 'सेटलर' सगळ्यात खालची, 'डीइटी' सगळ्यात वरची. 'नोबल'ला खेळ कुणाच्याच बाजूनं झुकत नाही. बरेच जण नवख्याला 'सेटलर' देतात, मला ते पटत नाही. शेजारी इतके मंद असतात की तट बांधला काय न बांधला काय, काही बिघडत नाही. मग तट कशासाठी असतो हे कधी कळणार? तिसरी पातळी, 'वॉरलॉर्ड', बरी. चूक केली की चटका बसतो, पण घर जळत नाही.

आता काय बंद करायचं. 'रेजिंग बार्बेरियन्स' बंदच. रानटी टोळ्या नेहमीच्या संख्येनं आल्या तरी पुरेशा आहेत. 'ॲग्रेसिव्ह एआय' बंद. 'लास्ट डेज', 'बार्बेरियन वर्ल्ड', 'डबल ॲनिमल्स' हे सगळं खेळ अंगवळणी पडलेल्यांसाठी आहे, त्याला हात लावायचा नाही. 'नो टेक्नॉलॉजी ब्रोकरिंग' मात्र चालू करायचं. त्यामुळे जे ज्ञान स्वतः शोधलं तेवढंच दुसऱ्याला देता येतं, आणि चार शेजारी आपसांत विद्या फिरवून रातोरात पुढे निघून गेले असं होत नाही.

हायबोरेम आणि बेसियम हे खेळाच्या मध्यात उतरणारे राजे पहिल्या खेळात नकोत. ते बंद करायचा वेगळा पर्याय आहे. हायबोरेम हा नरकाचा राजा. 'इन्फर्नल पॅक्ट' ही विद्या जगात कुणीही पहिल्यांदा शोधली की तो आपल्या सेनेसह नकाशावर उतरतो. एका राज्याची घडी नुकती बसत असताना एक अख्खं नवं राज्य मध्येच उगवतं, नव्या माणसाला त्याचा अर्थच लागत नाही.

बराच वेळ विचार केला तो आर्मागेडन काउंटरवर. तो शून्यापासून शंभरापर्यंत चढतो. कुणी शहर जाळून टाकलं, 'ॲशन व्हेल' हा राक्षसी धर्म पसरला, की आकडा वर. तो जसा चढतो तशी जगावर अरिष्टं येतात : आधी पिकांवर रोग, पुढे एकामागून एक मृत्यूचे घोडेस्वार, शंभरावर प्रलय. हाही बंद करता येतो आणि बरेच अनुभवी खेळाडू नवख्यांना तसं सांगतात. मी चालूच ठेवणार आहे. चार शांत शेजारी निवडले तर आकडा हळू चढतो, आणि स्क्रीनवरचा तो आकडाच हे जग दुसऱ्या कुठल्या जगासारखं नाही हे सांगत असतो. तोच झाकून ठेवला तर एरेबस दाखवल्यासारखं व्हायचं नाही.

४ मे

जुना लॅपटॉप झाडूनपुसून घेतला. 'बियॉन्ड द स्वोर्ड' ३.१९ वर आहे ना ते पाहिलं, त्याखालच्या आवृत्तीवर मॉड चालत नाही. मॉड ०.४१, शेवटच्या पॅचसह. 'मोअर नेव्हल एआय' नावाची त्याची सुधारित आवृत्तीही माझ्याकडे आहे. तिच्यात कॉम्प्युटर जास्त शहाणपणानं खेळतो, म्हणूनच ती आत्ता बाजूला ठेवली.

५ मे

आली. बॅग दारात, बूट पायात, आणि "कुठे आहे?"

जेवणानंतर तिच्यापुढे चार राज्यं ठेवली. एकवीस दाखवली असती तर चित्रं पाहण्यातच रात्र झाली असती.

पहिले बॅनॉर. माणसं, शिस्तीची, नरकातून पायी बाहेर पडलेल्यांचे वंशज. नियम जवळपास मूळ खेळासारखेच. तलवार घ्या, रांगेत उभे राहा, पुढे चला. दुसरे एलोहिम, तपस्वी आणि शांत. प्रत्येक राज्याला एक मोठा मंत्र असतो, तो साऱ्या खेळात एकदाच म्हणता येतो. एलोहिमांचा मंत्र 'सँक्च्युअरी'. तो म्हटला की ठरावीक टर्नांपर्यंत शत्रूला त्यांच्या सीमेत पाऊल टाकता येत नाही. घाबरट सुरुवात करणाऱ्याला याहून मोठा आधार कुठला? तिसरे ग्रिगोरी. त्यांचा राजा कॅसिएल देवांकडे पाठ फिरवून आलेला, म्हणून त्या राज्यात धर्मच नाही. त्याऐवजी वेळोवेळी साहसवीर जन्माला येतात. साहसवीराला वाटेल तो पेशा द्यावा, धनुर्धारी करावा नाहीतर जादूगार. चौथे ल्योसाल्फार, उजेडातले एल्फ.

ग्रिगोरींची शिफारस नवख्यांना फार होते, धर्माची गुंतागुंत वाचते म्हणून. माझं मत वेगळं आहे. या मॉडचा कणाच सात धर्म आहेत. कोणता धर्म धरला यावरून राज्याचा स्वभाव बदलतो, मित्र बदलतात, सैन्य बदलतं. ते सगळं पहिल्याच खेळात बंद दाराआड ठेवायचं कशाला? ग्रिगोरी दुसऱ्या खेपेला सुंदर.

माझा कौल बॅनॉरना होता, पण तिला तो सांगितला नाही. तिनं एल्फांचं पान दोनदा वाचलं. "जंगल न तोडता शेती? कशी?" म्हणाली. तिथेच ठरलं.

६ मे

एल्फांच्या शेतीचं उत्तर पहिल्या तासातच मिळालं. बाकी बहुतेक राज्यांच्या मजुरांना शेत करायचं तर झाडं तोडावी लागतात. ल्योसाल्फार झाडांखालीच शेत करतात, झोपड्याही झाडांमध्येच घालतात. त्यामुळे शहराभोवतीचं जंगल तसंच राहतं आणि पोटही भरतं. पहिलं शेत झाल्यावर तिनं नकाशा जवळ ओढून नीट पाहिला. पानांच्या गर्दीतून नांगरलेल्या ओळी दिसत होत्या. "दोन्ही आहे गं!" एवढंच बोलली.

मग ऑर्थस आला. मोठी कुऱ्हाड घेतलेला रानटी नायक, सुरुवातीच्या काळातच कुठूनतरी उगवतो. याला बंद करायचाही पर्याय आहे. मी मुद्दाम केला नव्हता. संध्याकाळी तो तिच्या दुसऱ्या शहराच्या रोखानं निघाला. शहरात एकच योद्धा. ती ताडकन उठली. "मावशी, हा मारणार!"

तेव्हा तिला एकच गोष्ट दाखवली. आपलं युनिट निवडून उजवं बटण शत्रूच्या चौकोनावर दाबून धरलं की जिंकायची शक्यता टक्क्यांत दिसते. तिनं पाहिलं, आकडा फार छोटा होता. म्हणजे बाहेर पडायचं नाही. मग राजधानीतून दोन योद्धे मागवले, शहर टेकडीवर होतं त्याचा फायदा मोजला, सगळ्यांना तिथे रोवून बसवलं. ऑर्थसनं पहिला योद्धा मारला, दुसऱ्यावर धावून आला तेव्हा दमलेला होता आणि पडला. त्याची कुऱ्हाड जमिनीवर. ती एका योद्ध्यानं उचलली, आणि ती हातोहात दुसऱ्यालाही देता येते हे तिनं आपणहून शोधून काढलं.

शक्यता बघणं, उंच जागा धरणं, शत्रूला दमवणं. मी तोंडानं शिकवलं असतं तर तीन दिवस लागले असते. एवढ्यासाठी ऑर्थस चालू राहू द्यावा.

७ मे

दुपारभर वीज नव्हती. लॅपटॉपची बॅटरी जेमतेम. तिनं सिव्हिलोपीडिया या खेळातल्या माहितीकोशातल्या गोष्टी वाचून काढल्या आणि संध्याकाळी त्या माझ्या बाबांना सांगितल्या. हिमयुग संपून जग नुकतं वितळतंय, लोक विद्या विसरलेत, इथून खेळ सुरू होतो हे त्यांना आवडलं.

९ मे

'वे ऑफ द फॉरेस्ट्स' ही विद्या मिळाली आणि पानांचा धर्म, 'फेलोशिप ऑफ लीव्ह्ज', तिच्याच राजधानीत स्थापन झाला. हा राजधर्म केला की सीमेतली जंगलं हळूहळू प्राचीन अरण्यं होतात आणि अन्न वाढतं. एल्फांना हा धर्म अंगच्या कपड्यासारखा बसतो. राज्य, जमीन आणि धर्म एकाच दिशेला ओढतात, म्हणून नवख्याला निर्णय घेताना गोंधळ होत नाही. ल्योसाल्फार सोपे का, याचं खरं कारण हे. ते बलवान आहेत म्हणून सोपे नाहीत. त्यांना काय हवंय हे पहिल्यापासून स्वच्छ दिसतं म्हणून सोपे आहेत.

बाहेर जुनी थडगी, पडके किल्ले, गॉब्लिनांचे गड दिसतात. आत शिरायचं की नाही हे आपल्यावर. कधी खजिना, कधी एखादी विद्या, कधी आतून भयंकर काहीतरी बाहेर येऊन सगळं सैन्य फाडून टाकतं. ही बिळं बंद करायचाही पर्याय आहे. मी ती चालू ठेवली आणि तिला एवढंच म्हटलं, की राजधानीजवळचं थडगं लगेच उघडू नकोस. जे बाहेर येईल ते सगळ्यात जवळच्या दाराशी येईल. एका थडग्यातून तिच्या स्काउटला रोग जडला. तो बरा होईपर्यंत तिनं त्याला शहरात आणून ठेवलं.

११ मे

बाबांनी विचारलं, शेजारी इतके सभ्य कसे? म्हणून लिहून ठेवते. प्रतिस्पर्धी निवडणं ही अर्धी सेटिंग आहे, आणि तिकडे कुणी लक्ष देत नाही.

मी दिले ते बॅनॉर, एलोहिम, मलाकिम आणि हिप्पस. पहिले तिघे भल्या वळणाचे. हिप्पस घोडेस्वार, चपळ, लुटारू वृत्तीचे. एक तरी धाक हवा म्हणून ते.

शेईम पहिल्या खेळात टाकूच नयेत. जगाचा शेवट व्हावा हेच त्यांना हवं असतं. त्यांचे जळते मुडदे मरताना फुटतात आणि आजूबाजूच्या सगळ्यांना होरपळवतात. नवखा माणूस सवयीनं सगळं सैन्य एका चौकोनात ठेवतो आणि एका टर्नमध्ये निम्मं गमावतो. इलियनही नकोत. हिवाळ्याच्या मेलेल्या देवाला परत आणायचा त्यांचा ध्यास असतो, आणि त्यांचा मोठा मंत्र 'स्टेसिस' म्हणजे बाकी सगळ्या राज्यांचं उत्पादन आणि संशोधन काही काळ गोठवणं. माहीत नसलेल्याला वाटतं गेम बिघडला. तो बंद करून पुन्हा चालू करतो, तरी तेच.

'क्लॅन ऑफ एम्बर्स'चे ऑर्क शेजारी म्हणून दांडगे, पण स्वतः खेळायला मात्र चांगले. रानटी टोळ्यांशी त्यांचा सुरुवातीला तह असतो, त्यामुळे पहिला काळ निर्धास्त जातो. एखादं दांडगट पोर शिकायला आलं तर त्याच्या हाती मी तेच देईन.

१३ मे

आज बाबांनी खुर्ची ओढली. आयुष्य पतपेढीच्या हिशेबात गेलेलं. मी विचार न करता त्यांना खझाद दिले, म्हणजे डोंगरातले बुटके. त्यांच्या प्रत्येक शहरात तिजोरी असते आणि राज्याची शिल्लक शहरांच्या संख्येत वाटून तिची पातळी ठरते. तिजोरी रिकामी पडली की प्रजा नाराज, भरली की खूश आणि कामही जास्त.

बाकी सगळ्या राज्यांत तरबेज खेळाडू शिल्लक शून्यावर आणून सगळा पैसा संशोधनात घालतात. खझादांना ते महागात पडतं, म्हणून जुन्या खेळाडूंना ते सुरुवातीला अवघड जातात. बाबांना एका क्षणाचीही अडचण आली नाही. नवं शहर वसवायचं का, विचारलं तर म्हणाले, "आधी ठेव वाढू दे. शाखा उघडली की शिल्लक पातळ होते." तोच तर नियम आहे! त्यांना तो कुणी सांगितला नव्हता.

एक उणीव आहे. खझादांकडे जादूगार नाहीत. बाबांना त्याचं काही वाटलं नाही, भाचीला फार वाटलं.

तरुणांसाठी अमुक, वयस्करांसाठी तमुक अशी यादी करण्यात अर्थ नाही. माणूस आधीपासून कशात मुरलेला आहे ते बघून राज्य द्यावं.

१६ मे

जादू आली.

'नॉलेज ऑफ द ईथर' मिळाल्यावर नकाशावर मानाचे झरे दिसू लागले. झऱ्यावर काय उभारायचं ते आपण ठरवायचं : अग्नी, जल, निसर्ग, मन. त्याप्रमाणे जादूगारांना मंत्र शिकता येतात. शिकाऊ जादूगार लढला नाही तरी टर्नागणिक त्याचा अनुभव वाढतो. म्हणून त्याला घाईनं रणात पाठवायचं नाही, शहरात वाढू द्यायचं.

तिनं अग्नी निवडला. पहिल्या पायरीचा मंत्र 'ब्लेझ'. हिप्पसांचे दोन घोडेस्वार सीमेवरच्या झाडीत शिरले होते, तिनं त्यांच्याखालचं रान पेटवलं. आधी धूर, मग ज्वाळा. पुढच्या टर्नला ज्वाळा शेजारच्या चौकोनात. त्याच्या पुढच्या टर्नला तिच्या स्वतःच्या शेतांवर, ज्या जंगलात तिनं शेती केली होती त्याच जंगलात. ती स्क्रीनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे.

"विझवतात कशानं?"

"पाण्यानं."

दुसऱ्या झऱ्यावर जल. 'स्प्रिंग' हा मंत्र आग विझवतो. तो हाती येईपर्यंत चार चौकोन काळे झाले होते. पण जळकं रान कायमचं जात नाही, त्यातून पुन्हा झाडी उगवते. शिवाय पानांच्या धर्माच्या पुजाऱ्यांकडे 'ब्लूम' आहे, ते मोकळ्या जमिनीवर नवं जंगल उभं करतात. तिनं पुढचे सगळे टर्न दोन पुजारी घेऊन रान परत लावण्यात घातले. हिप्पस राहिले बाजूलाच.

असे परिणाम एकमेकांत गुंतलेले मी दुसऱ्या कुठल्या खेळात फारसे पाहिले नाहीत. जमीन, धर्म, मंत्र, हवामान, सगळे एकाच नकाशावर एकमेकांच्या वाटेत येतात. ज्यांनी हे बांधलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. पुढे पॅक्स्टन स्टारडॉकमध्ये गेला आणि २०१२ साली त्याचा 'फॉलन एन्चान्ट्रेस' आला. तोही चांगला खेळ आहे. पण इतक्या वर्षांनीही माझा लॅपटॉप उघडतो तो एरेबससाठी.

१७ मे

हिप्पस मोठी फौज घेऊन आले. तिनं राखून ठेवलेला एकमेव मंत्र म्हटला, 'मार्च ऑफ द ट्रीज'. सीमेतली झाडं उठून चालायला लागली. थोड्या टर्नांपुरतीच, पण तेवढ्यात काम झालं. आज जेवायला तिला चार हाका माराव्या लागल्या.

२० मे

एल्फांचा खेळ संपला, नकाशा बहुतेक तिच्याच रंगाचा झाला. नव्या खेळासाठी तिनं आपणहून 'कॅलाबिम' काढले. व्हॅम्पायर. चित्रावरूनच निवडले असणार.

मी अडवलं नाही. कॅलाबिम फार ताकदवान आहेत आणि एक खेळ झालेल्याला पेलतात. पहिल्या खेपेला देऊ नयेत ते यासाठी, की त्यांचं सगळं गणित उलटं आहे. बाकी राज्यांत प्रजा नाराज झाली की आपण धावतो. इथे सरंजामदाराचा वाडा बांधला की नाराज प्रजेकडूनच काम उपसता येतं. आणि व्हॅम्पायर शहरात बसून लोकांना खातो, त्याचा अनुभव वाढतो, शहर एका आकड्यानं लहान होतं. मूळ नियम हाताला बसलेले नसतील तर ते उलटे करण्यातली गंमत कळायची नाही.

तिनं पहिल्यांदा ते बटण दाबलं तेव्हा शहर नवावरून आठावर आलं. नुसता आकडा बदलला. तिनं शहर उघडून आत कोण कमी झालं ते शोधलं, शेतावरचा एक माणूस. बराच वेळ तिनं ते बटण पुन्हा दाबलं नाही. रात्री मात्र युद्ध पेटल्यावर धडाधड दाबलं. याबद्दल मी काही बोलले नाही, तिच्या मनात काय चाललंय ते तिचं तिला कळतंय.

या खेळात हायबोरेम चालू ठेवला आहे. पातळी 'नोबल'. शेईम एका कोपऱ्यात.

२३ मे

इन्फर्नल पॅक्ट शेवटी तिनंच पहिल्यांदा शोधला. लगेच स्क्रीनवर प्रश्न : हायबोरेमच्या राज्याची सूत्रं घेणार का? म्हणजे इतक्या दिवसांचं आपलं राज्य कॉम्प्युटरकडे सोपवायचं आणि नरकाच्या बाजूनं खेळायचं. तिनं बाबांना बोलावलं. बाबा म्हणाले, चालतं दुकान सोडून जाऊ नये. ती नाही म्हणाली आणि मग दिवसभर हायबोरेमशी लढली.

हाच प्रश्न पहिल्या खेळात आला असता तर तिला तो फक्त एक खिडकी वाटला असता, कुठलं तरी बटण दाबून मोकळी झाली असती. आज तिला सोडायचं काय ते माहीत होतं.

काउंटर साठीच्या पुढे गेलाय. रोज सकाळी आधी तो बघते, मग दात घासते.

२६ मे

उद्या जायचंय. वर्गातल्या मैत्रिणीला हा गेम द्यायचा म्हणून तिला सेटिंगचा कागद हवा होता. मी सांगू लागले तर म्हणाली, "थांब, मी लिहिते, तू फक्त बघ."

लहान नकाशा, एरेबस. नॉर्मल वेग. वॉरलॉर्ड. रेजिंग बार्बेरियन्स बंद, हायबोरेम-बेसियम बंद, काउंटर चालू, बिळं चालू. ऑर्थसपुढे 'चालूच!!' अशी दोन उद्गारचिन्हं. शेईम आणि इलियन यांच्यावर काट.

राज्याच्या जागी मला वाटलं ती ल्योसाल्फार लिहील. लिहिलं बॅनॉर. का, विचारलं. म्हणाली, "तिला वाचायचा कंटाळा आहे गं, आणि ती कबड्डी खेळते. तिला सरळ समोर जाऊन भिडायला आवडतं. झाडं वाढेपर्यंत ती थांबणारच नाही."

हिप्पस प्रतिस्पर्ध्यांत ठेवायचे की नाही यावर मात्र आमचं जुळेना. माझं म्हणणं, एक तरी धाक हवा. तिचं म्हणणं, बॅनॉरकडे लपायला जंगल नाही, तिथे घोडेस्वार आले तर मैत्रीण पहिल्याच दिवशी गेम उडवून टाकेल. तिच्या बोलण्यात तथ्य आहे. हिप्पसऐवजी लानुन घालावेत का? ते दर्यावर्दी, एकसलग जमिनीवर त्यांचा फारसा त्रास व्हायचा नाही. पण मग धाक राहतच नाही. सकाळी गाडी साडेनवाची आहे, त्याआधी बाबांना विचारून ठरवू.